तो धोटा, ती कांडी, ते सूत

सोलापूरच्या पूर्व भागात मराठीचा मास्तर व्हायचं म्हणजे ज्यांच्या घरात मराठी नाही अशा मुलांना मराठी शिकवायचं. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, दत्त नगर या बाजूला फिरलात तर दुकानांच्या पाट्या मराठी दिसतील, पण पाटीखाली चाललेलं बोलणं तेलुगू असेल. तेलंगणातून मागावर पोट भरायला आलेल्या पद्मशाली कुटुंबांची ही वस्ती. पुरुष यंत्रमागावर आणि बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला, अशी इथल्या बहुतेक घरांची वाटणी. आमच्या घरातही तीच होती. वडील टॉवेलच्या कारखान्यात, अम्मा विडीला. त्या घरातून आलेला मी आज याच भागातल्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. हे घडलं ते आमच्या बाईंमुळे. गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहा असं शाळेच्या स्मरणिकेसाठी सांगितलं होतं, पण चार ओळींत ते बसेना.

पाचवीत त्यांच्या वर्गात गेलो तेव्हा मला मराठी वाचता येत होतं. पुस्तक समोर धरलं तर धडा खडाखडा म्हणायचो. बोलायला मात्र जीभ वळायची नाही, आणि वर्गातल्या निम्म्याहून अधिक पोरांची तीच गत होती. ‘माझा आई’, ‘माझा शाळा’, ‘माझा पुस्तक’ असं आम्ही सगळेच बोलायचो. त्याला कारण होतं. तेलुगूत ‘ना’ म्हटलं की झालं: ना अम्मा, ना बडि, ना पुस्तकं. पुढे माणूस असो की वस्तू, त्या ‘ना’ला काही होत नाही. मराठीत मात्र माझा, माझी, माझं. शिवाय खुर्ची बाई का आणि पंखा पुरुष का, याचं उत्तर कोणत्याच नियमात पुरतं सापडत नाही. ज्याच्या घरात ही भाषा आहे त्याला ते कानानं कळतं. ज्याच्या घरात ती नाही त्यानं काय करायचं?

आधीच्या शिक्षकांनी आम्हाला याद्या पाठ करायला लावल्या होत्या. बाईंनी यादी दिली नाही. फळ्यावर तीन रकाने पाडले, वर तो, ती, ते असं लिहिलं आणि विचारलं, ‘‘तुमच्या घरात काय काय आहे ते सांगा.’’ आधी कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ‘‘बाई, धोटा.’’ बाईंनी ‘तो’खाली धोटा लिहिला. मग एकेक जण उठायला लागला. माग ‘तो’त गेला, दोरा ‘तो’त गेला. कांडी, फणी, चादर, कात्री, विडी सगळ्या ‘ती’मध्ये. सूत, सूप, पान ‘ते’मध्ये. तंबाखूवर वाद झाला. कोणी ‘तो’ म्हणे, कोणी ‘ती’. बाईंनी दोन्ही रकान्यांत तंबाखू लिहिली आणि पुढे गेल्या. तास संपला तेव्हा फळ्यावर आमचं अख्खं घर उतरलं होतं. त्यानंतर नवा शब्द आला की आम्ही त्याला या तिघांपैकी कोणाशेजारी तरी बसवायचो: हा धोट्यासारखा, ही कांडीसारखी, हे सुतासारखं. आजही माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात हेच तीन शब्द फळ्यावर येतात. मागांची संख्या घटली आहे. पोरांच्या घरी आता धोटा नसतो, कारण नवे माग बिनधोट्याचे आले आहेत. तरी आजोबांच्या तोंडी तो शब्द अजून आहे आणि पोरांना तो ठाऊक असतो.

बाई दक्षिण कसब्यातल्या, शुद्ध मराठी घरच्या. पूर्व भागात नोकरी लागली तेव्हा त्यांना तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. ती भाषा त्या आमच्याकडूनच शिकल्या. मधल्या सुट्टीत मुलींच्या घोळक्यात बसून ‘याला काय म्हणता, त्याला काय म्हणता’ असं विचारत राहायच्या. दोन-तीन वर्षांत पालकांशी मोडकं का होईना, तेलुगूत बोलायला लागल्या. एका तपासणीत साहेबांनी वर्गात तेलुगू शब्द ऐकला आणि मराठीच्या तासाला मराठीच बोललं पाहिजे असा शेरा मारला. बाईंनी शेरा वाचला, सही केली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तेलुगूतूनच शिकवला.

त्या तासाची गंमत मला पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर कळली. समोरच्याला बाहेर ठेवून बोलायचं तेव्हा मराठीत ‘आम्ही’, त्याला सोबत घेऊन बोलायचं तेव्हा ‘आपण’. तेलुगूत हाच भेद आहे: ‘मेमु’ आणि ‘मनम्’. हिंदीत तो नाही, तिथे एकटा ‘हम’ दोन्हीकडे राबतो. म्हणजे तेलुगू घरातलं पोर या बाबतीत मराठीच्या अगदी दाराशी उभं असतं. ‘चाक’, ‘चांगला’ यांतला दातांजवळचा च तेलुगू पोराच्या तोंडी आधीपासूनच असतो. ‘ळ’ही असतो. बाई हे सगळं हेरून ठेवायच्या. पोराला काय येत नाही याची वही सगळेच शिक्षक ठेवतात. बाईंनी पोराला घरून काय येतं हे आधी पाहिलं आणि तिथून मराठीकडे वाट काढली. मराठीचा मास्तर म्हणून त्यांच्याकडून मी जे घेतलं त्यात मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

बाईंना हे कुठून सुचलं असेल, याचा विचार करताना मला त्यांचं कॉलेज आठवतं. सात रस्त्यावरचं संगमेश्वर. अप्पासाहेब काडादींच्या पुढाकारानं १९५३ मध्ये हे कॉलेज निघालं, आणि बाई तिथं सत्तरच्या दशकात मराठी घेऊन बी.ए. झाल्या. मराठी शिकवायला डॉ. निर्मलकुमार फडकुले होते. सोलापूरकरांना फडकुले सरांची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्या नावाचं सभागृहच शहरात आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो. १९२८ साली जन्मलेले सर पंडित जिनदासशास्त्री फडकुले यांचे चिरंजीव. वडील संस्कृत-प्राकृताचे जाणकार, जैन ग्रंथांचे संपादक आणि अनुवादक. अशा जैन पंडिताच्या घरातला मुलगा मराठीचा प्राध्यापक झाला आणि आयुष्यभर ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्यावर लिहीत-बोलत राहिला. ‘संतकवी तुकाराम : एक चिंतन’ हे त्यांचं पुस्तक मी पुढे कित्येकदा वाचलं. वारकरी घरात जन्मलेल्यानंच तुकोबांवर बोलावं असा कोणाचा हट्ट असता तर सोलापूर एका मोठ्या वक्त्याला आणि अभ्यासकाला मुकलं असतं. बाई सरांचं नाव घ्यायच्या तेव्हा उभ्या असतील तर हात जोडायच्या.

मला सर वर्गात लाभले नाहीत. मी त्यांना ऐकलं ते व्याख्यानांत, बाईंच्या मागून जाऊन. दहावीनंतरही बाईंचा निरोप यायचा, ‘अमुक दिवशी सरांचं व्याख्यान आहे, ये.’ मागची जागा मिळाली तरी आम्ही बसायचो. घरी परतताना बाई वाटेत थांबून विचारायच्या, ‘‘काय कळलं ते सांग.’’ मी सांगायला लागलो की मध्ये बोलायच्या नाहीत. माझं मराठी खरं सुधारलं ते त्या रस्त्यावर, सरांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत बाईंना सांगताना.

सरांचा पीएच.डी.चा विषय लोकहितवादी. ‘लोकहितवादी : काल आणि कर्तृत्व’ हे त्यांचं पुस्तक अभ्यासकांत मान्यता पावलेलं. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रं लिहिली. गावातल्या अडचणीपासून समाजाच्या रूढींपर्यंत सगळ्यावर, सरळ आणि रोखठोक. बाईंनी त्या पत्रांचा धागा थेट आमच्या वर्गात आणला. आठवीपासून दर शनिवारी एक पत्र लिहायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. परीक्षेतल्यासारखं ‘अ. ब. क.’ला नाही. गल्लीतला दिवा बंद असेल तर त्याबद्दल, बापाच्या कारखान्यातून बोनस आला नसेल तर त्याबद्दल. बाई ते पत्र वाचायच्या, लाल शाईनं दुरुस्त करायच्या. पुन्हा लिहून आणलं की म्हणायच्या, ‘‘आता टाक पेटीत.’’ पोस्टाचं तिकीट त्यांच्याकडचं.

हे शनिवारचं पत्र आमच्या घरांत किती उपयोगी पडलं हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटायचं नाही. विडी वळणाऱ्या बाईचा जन्म कागदांत अडकलेला असतो. फंडाचा फॉर्म, विडी कामगाराचं ओळखपत्र, रेशनकार्ड, लाइटबिल. सगळं मराठीत, आणि घरात मराठी वाचणारं एकच, तेही सातवी-आठवीतलं पोर. आमच्या चाळीत संध्याकाळी कोणी ना कोणी कागद घेऊन यायचं. ‘‘जरा बघ रे, काय लिहिलंय.’’ मी वाचून तेलुगूत सांगायचो, अर्ज लिहून द्यायचो. वर्गात ‘अर्जलेखन’ हा पाच मार्कांचा प्रश्न असतो. आमच्या गल्लीत तो शेजारणीच्या फंडाचा प्रश्न होता. बाईंना हे माहीत होतं, म्हणून अर्जातली एक मात्रा चुकली तरी त्या पुन्हा लिहायला लावायच्या.

आणि मग ते घरचं वाचन. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

विडीचं काम ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगतो. रात्री पानं भिजत घालायची. सकाळी ती मऊ झाली की साचा ठेवून कात्रीनं कापायची. मग सूप मांडीवर घ्यायचं, पानात तंबाखू भरायची, बोटांनी वळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. हजाराच्या हिशेबानं मजुरी. कारखान्यात नेल्यावर वाकड्या-तिकड्या विड्या बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे गेले. त्यामुळे हात थांबवायचा नाही आणि नजर हलवायची नाही. पण या कामात कान मोकळे असतात. आमच्या घरी अम्मा, शेजारची अक्का आणि अव्वा अशा तिघी दारात बसून वळायच्या, आणि दिवसभर बोलणं चालायचं.

बाई एकदा घरी आल्या होत्या. मी दोन दिवस शाळेत गेलो नव्हतो, म्हणून. उंबऱ्यात बसल्या, सुपाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. अम्मानं पाणी दिलं आणि त्या बसल्या बसल्याच मला म्हणाल्या, ‘‘पुस्तक आण. आजचा धडा आईला वाचून दाखव.’’ मी म्हटलं, ‘‘बाई, अम्माला मराठी येत नाही.’’ बाई म्हणाल्या, ‘‘म्हणूनच. वाच, आणि जिथं तिला कळणार नाही तिथं थांबून तेलुगूत सांग.’’ मी वाचायला लागलो. अम्माची बोटं चालूच होती. एका ठिकाणी तिनं मान वर न करता विचारलं, ‘‘अन्टे?’’ म्हणजे काय? मी सांगितलं. पुन्हा दोन ओळींनी, ‘‘अन्टे?’’ अर्ध्या पानाला पाऊण तास लागला. धड्यातलं जे मला वर्गात कळलं होतं असं वाटत होतं, ते अम्माला सांगताना मला नीट कळलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाला तोच गृहपाठ. रोज एक पान, विडी वळणाऱ्या कोणालाही वाचून दाखवायचं, आणि त्यांनी कुठं अडवलं ते वहीत लिहून आणायचं. आई नसेल तर आजी, आजी नसेल तर शेजारीण. बाई वह्या तपासताना उत्तराआधी हे ‘कुठं अडवलं’ वाचायच्या. एका पोरीच्या वहीत होतं: ‘अव्वा म्हणाली, हा राजा मूर्ख आहे, त्याला राज्य कोणी दिलं?’ बाईंनी तो प्रश्न तसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि त्या दिवशी अख्खा तास त्याच्यावर चालला.

वर्षभरानं अम्मा मराठी बोलायला लागली असं मी म्हणणार नाही. पण तिला मराठी कळायला लागलं. कारखान्यात मालाची मोजणी होताना मुकादम आपसात काय बोलतात ते तिला समजायला लागलं, आणि एकदा आकडा कमी धरला गेला तेव्हा तिनं तिथल्या तिथं तोंड उघडलं. मराठीत. ते वाक्य तिनं घरी येऊन मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि विचारलं, बरोबर होतं ना? लिंग, वचन, सगळं बरोबर होतं.

नववीत बाईंनी आम्हाला हत्तरसंग कुडलला नेलं. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं संगमेश्वराचं जुनं मंदिर आहे. आज लोक जातात ते शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातलं बहुमुखी शिवलिंग पाहायला. ३५९ मुखांचं ते लिंग १९९९ मध्ये ढिगारा उपसताना मिळालं, आमच्या वेळी ते मातीखालीच होतं. बाईंनी आम्हाला दाखवली ती मंदिरातली एक तुळई. तिच्यावर शके ९४० चा, म्हणजे सन १०१८ चा लेख आहे आणि त्यात मराठी ओळ आहे. काळ नोंदवलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी या लेखावर काम केलं आहे. आम्ही माना वर करून पाहत होतो आणि कोणालाच अक्षर लागत नव्हतं. बाईंनी ओळ वाचून दाखवली. मग विचारलं, ‘‘कुडल म्हणजे काय, कोणाला माहीत आहे?’’ वर्गात दोन-तीन कानडी घरची पोरं होती. त्यांतला एक, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, ‘‘नद्या मिळतात ती जागा, बाई. कन्नडमध्ये.’’ बाईंनी त्याला तुळईखाली उभं केलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, ‘‘ऐकलं का? मराठी इतकी जुनी कुठं सापडली, तर कानडी नावाच्या गावात.’’ बाकी भाषण काही केलं नाही. डबे उघडले, जेवलो, नदीत पाय धुतले.

२००६ च्या जानेवारीत साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, मारुती चितमपल्ली अध्यक्ष होते. शहराला तो मान आधी १९४१ मध्ये मिळाला होता, वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली. मी तेव्हा नोकरीत नवा. बाईंबरोबर मंडपात फिरलो, पुस्तकं घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये फडकुले सर गेले. बाई त्या दिवशी मला म्हणाल्या, ‘‘आता कोणाचं ऐकून घरी जाताना बोलायचं?’’ मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर व्याख्यानाला आम्ही क्वचितच गेलो. पण फोनवर त्यांचा प्रश्न असायचाच: ‘‘आज वर्गात कोणी कुठं अडवलं?’’

शेवटची दोन वर्षं त्या अंथरुणावरच होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढ्याचा तुकडा तोंडात घेतला आणि विचारलं, ‘‘आपल्या तेलुगूला कधीचा आहे?’’ मी सांगितलं, २००८ चा, कन्नडबरोबर. ‘‘मग बरोबर झालं,’’ म्हणाल्या. त्यांनी ‘तुमच्या तेलुगूला’ म्हटलं नाही. आम्ही-आपण ज्यांनी शिकवलं त्यांच्या तोंडून तो शब्द चुकून येणं शक्य नव्हतं.

त्या गेल्या तेव्हा दहाव्याला पूर्व भागातून बायका आल्या. बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या, रिक्षा करून, काही कुंभारीच्या विडी घरकुलातून. त्या बाईंच्या विद्यार्थिनी नव्हत्या, विद्यार्थ्यांच्या आया होत्या. बाईंच्या मुलानं मला बाजूला घेऊन विचारलं, या सगळ्या आईला कशा ओळखतात? मी म्हटलं, ‘‘यांना आम्ही धडे वाचून दाखवायचो.’’ अम्माही आली होती. तिला आता विडी वळवत नाही, बोटं वाकत नाहीत. ती बाईंच्या फोटोसमोर बसून तेलुगूत काहीबाही बोलत राहिली, आणि मग मुलाशी मात्र मराठीत बोलली.

माझ्या वर्गात आता तेलुगू पोरं आधीइतकी नाहीत. ज्यांना जमतं ते इंग्रजी माध्यमात घालतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण तिथं मराठीही राहत नाही आणि तेलुगूही. त्यांच्या जागी दुसरी पोरं येत आहेत, बिहार-उत्तर प्रदेशातून कामाला आलेल्यांची. या वर्षी असाच एक मुलगा ‘आम्ही’ आणि ‘आपण’मध्ये सारखा अडकत होता. मी दोनदा समजावलं, त्याला उमगेना. शेजारच्या बाकावरची मुलगी, आई विडीला जाणारी, वैतागून उठली. त्याचा डबा हातात घेतला. ‘‘हे बघ. हा मी आणि हिनं खाल्ला, तुला दिला नाही. आम्ही खाल्ला. आता तूपण ये.’’ डबा मध्ये ठेवला. ‘‘आता आपण खातोय.’’ मुलगा हसला आणि त्याला कळलं. मी विचारलं, ‘‘हे तुला कोणी शिकवलं?’’ ती म्हणाली, ‘‘कोणी नाही सर. मेमु, मनम्. सोपंय.’’

डिसेंबरात कुडलची सहल ठरली आहे. एस.टी.ची चौकशी झाली, मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली. पोरांना सांगून ठेवलं आहे: डबा, पाण्याची बाटली, वही, आणि घरी ज्या भाषेत नदीला जे म्हणतात तो शब्द विचारून यायचं. वर्गात सध्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि भोजपुरी घरची मुलं आहेत. मंदिरात पोचल्यावर ते सगळे शब्द आधी गोळा करायचे, मग तुळईकडे जायचं.